रताळी कोणी नेली?

मुलांनो, आधी एक कोडं घालते. रात्री येतो, दिवसा दिसत नाही. फाटक असूनही फाटकातून येत नाही. पिशवी आणत नाही, कुदळ आणत नाही, तरी सकाळपर्यंत दोन वाफे उकरून रिकामे करून जातो. सांगा पाहू, कोण?

"चोर!" असंच म्हणालात ना? आमच्या शाळेतली मुलंही अगदी हेच म्हणाली. पुढे जाऊन त्यांनी चोराचं नावसुद्धा सांगून टाकलं. ते नाव साफ चुकीचं होतं. आज तुम्हांला त्या चुकीची गोष्ट सांगणार आहे. ती दुरुस्त करता करता लांबच्या बागेची राखण कशी करतात, हे आम्ही शिकलो, तेही सांगणार आहे.

ओढ्याकाठची बाग

सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्याच्या पश्चिमेला, चांदोलीच्या डोंगरांकडच्या एका वाडीवर आमची शाळा आहे. वर्ग चार, शिक्षक दोन. शाळेच्या आवारात मुरूम आणि खडक. तिथे तुळससुद्धा धड जगत नाही. म्हणून आमची परसबाग आम्ही खाली ओढ्याकाठी केली. एका पालकांनी जमिनीचा लहानसा तुकडा दिला. माती काळीभोर, पाणी जवळ. मेथी, वांगी, चार पपया आणि रताळ्यांचे सहा वाफे. भाजी निघाली की ती दुपारच्या खिचडीत जायची. रताळी मात्र राखून ठेवली होती महाशिवरात्रीसाठी. त्या दिवशी सगळ्या वाडीला उकडलेली रताळी वाटायची, असं मुलांनी दिवाळीतच ठरवून टाकलं होतं.

पण या बागेची एक खोड होती. ती कुणाच्याच घरातून दिसत नव्हती. संध्याकाळी शाळा सुटली की बाग एकटी.

जानेवारीतल्या एका सोमवारी मुलं धावत वर आली. "बाई, बाई, रताळी गेली!" खाली जाऊन पाहते तो काय, दोन वाफ्यांची माती विस्कटलेली, वेल उलटेपालटे पडलेले आणि अर्धवट तुटलेली दोन-चार रताळी इकडे तिकडे. तीन महिन्यांची मेहनत! दुसरीतल्या एका मुलीला तर रडूच फुटलं.

त्या वर्षी चौथीच्या वर्गात एक नवा मुलगा येऊन बसायचा. ऊसतोडीला आलेल्या टोळीतला. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून हजारो कुटुंबं कोयते घेऊन सातारा-सांगलीकडे येतात. फडाजवळ कोप्या घालून राहतात आणि कारखान्यांचा हंगाम संपला की परत जातात, हे तुम्हांला माहीत असेलच. हा मुलगा बीड जिल्ह्यातला. त्यांच्या कोप्या ओढ्याच्या पलीकडेच होत्या. झालं! कुणीतरी पुटपुटलं, "त्यांच्या कोप्या जवळ हायत की." दुसरा म्हणाला, "त्येनंच नेली असणार."

आणि मी काय केलं? मी त्याला जवळ बोलावून विचारलं, "तू काही पाहिलंस का रे?" प्रश्न साधाच होता. पण सगळ्या वर्गात मी तो एकट्या त्यालाच विचारला होता. त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आधी माती वाचा

आमच्या शाळेत एक आजोबा अधूनमधून गोष्टी सांगायला येतात. तरुणपणी ते माळ्यावर बसून जोंधळा राखायचे. हा माळा म्हणजे शेतात चार खांबांवर बांधलेला उंच मचाण बरं का, घरातला नव्हे! ते म्हणाले, "बाई, चोर कोण ते मानसास्नी काय इचारतासा? मातीला इचारा."

म्हणून आम्ही ओढ्यातली बारीक माती चाळून बागेच्या चारी बाजूंनी हातभर रुंदीचा पट्टा पसरला. झाडूने तो सपाट केला आणि वर थोडं पाणी शिंपडलं. बस्स, इतकंच. हा जगातला सगळ्यांत जुना कॅमेरा! त्याला ना वीज लागते, ना पैसे. शिकारी, गुराखी आणि वनरक्षक पिढ्यान्‌पिढ्या तो वापरत आले आहेत. आपल्या देशात तर कित्येक वर्षं वाघांची मोजणीसुद्धा पावलांच्या ठशांवरून होत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्यावर ठसे उमटलेले! आणि मुलं पुन्हा ओरडली, "बघा बाई, पावलं! बारक्या पोराची पावलं!" खरंच, तळवा आणि टाच असलेला तो ठसा जरा माणसाच्या पावलासारखाच वाटत होता.

मी पट्टी काढली. ठसा मोजला. लांबी आठ सेंटिमीटरसुद्धा भरेना. मग मी सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि प्रत्येकाचं पाऊल मोजून फळ्यावर लिहिलं. चौथीतल्या मुलांची पावलं एकोणीस-वीस सेंटिमीटरची. पहिलीतल्या सगळ्यांत छोट्या मुलीचं पाऊलसुद्धा सोळा! आता सांगा, आठ सेंटिमीटरचं पाऊल कुणाचं? पाळण्यातल्या बाळाचं! आणि पाळण्यातलं बाळ काही मध्यरात्री ओढा ओलांडून रताळी उकरायला येणार नाही.

वर्गात एकदम शांतता पसरली. फळ्यावरच्या आकड्यांनी सगळ्यांनाच उत्तर दिलं होतं.

त्या संध्याकाळी मी पलीकडच्या कोपीवर गेले. त्याची आई चूल पेटवत होती. म्हणाली, "पोरगं म्हनतंय, शाळंत चोर म्हनत्यात. मंग कशाला जायचं?" मी त्याच्यासमोर बसून सांगितलं, "माझं चुकलं. विचारायचंच होतं, तर मी सगळ्यांना विचारायला हवं होतं." तो काही बोलला नाही. पण मी निघताना हळूच म्हणाला, "बाई, रातच्याला वड्याकडं खुळखुळ वाजतंय. म्या सांगनार व्हतो. पर कुनी इचारलंच न्हाई."

खुळखुळ? आता मात्र चोराला पाहायलाच हवं होतं!

अंधारात पाहणारा डोळा

तिसरीतल्या एका मुलीचा मामा आटपाडीकडे डाळिंबाची बाग करतो. डाळिंब पिकत आलं की तिकडे चोरीची धास्ती असते. वर्षभराचं कष्टाचं फळ एका रात्रीत क्रेट भरून कुणी नेलं तर? म्हणून पूर्वी घरातलं कुणीतरी बागेतच झोपायचं. आता पुष्कळ ठिकाणी कॅमेरेही आले आहेत. त्या मामांनी आपला जुना कॅमेरा आम्हांला पंधरा दिवसांसाठी दिला. वर वहीएवढं सौर पॅनेल, आत बॅटरी, सिमकार्डाची जागा आणि एक छोटं मेमरी कार्ड.

पण कॅमेरा रात्रभर जागा राहून फुकट चित्रण करत बसला, तर बॅटरी संपणार नाही का? तर नाही! गंमत अशी, की तो झोपलेलाच असतो. त्याला जागं करणारा एक पहारेकरी त्याच्या पोटात बसलेला असतो. हा पहारेकरी उष्णता ओळखतो.

प्रत्येक उबदार वस्तूमधून, म्हणजे तुमच्या-माझ्या अंगातूनसुद्धा, एक प्रकारचे किरण सतत बाहेर पडत असतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. १८०० साली विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवून पाहिली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथेही पारा वर चढला! न दिसणारा प्रकाश सापडला तो असा.

कॅमेऱ्यातल्या पहारेकऱ्याचे दोन भाग असतात. दोन्हींवर सारखीच ऊब पडत असेल, तर तो स्वस्थ असतो. एखादा उबदार प्राणी समोरून आडवा गेला, की ऊब आधी एका भागावर पडते, मग दुसऱ्यावर. हा फरक कळला रे कळला, की तो कॅमेऱ्याला उठवतो. कॅमेरा मग स्वतःचे छोटे अवरक्त दिवे लावतो आणि चित्रण करतो. तो प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे जनावर सहसा बुजत नाही. रात्रीची चित्रं काळी-पांढरी दिसतात, ती याच कारणाने. आणि जनावरांचे डोळे त्यात गोट्यांसारखे चमकतात, कारण रात्री फिरणाऱ्या पुष्कळ प्राण्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा पडदा असतो.

असं चोरून चित्र काढायची कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज शिरास नावाच्या वकिलाने वाटेवर दोरी ताणली. प्राण्याचा धक्का लागला की झगमगाट होऊन फोटो निघायचा. त्याचे रात्रीचे फोटो १९०६ साली 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकात छापून आले. आपल्या देशात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वन अधिकाऱ्याने १९२० नंतरच्या दशकात याच पद्धतीने जंगलातल्या वाघांचे फोटो काढले. म्हणजे वाघच स्वतःचा फोटो काढत होता म्हणा ना!

आज हेच कॅमेरे आपल्या दाराशी, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात लावलेले असतात. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेला हा प्रकल्प २०१० साली झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो बनला आहे. तिथे वाघ आहे की नाही, अशी पुष्कळ वर्षं चर्चा चालायची. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, जसे आपल्या बोटांचे ठसे. त्यामुळे फोटोवरून हा वाघ कोणता, हेही सांगता येतं.

आणखी एक नवल ऐका. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात शेतांमधून असे कॅमेरे लावले. तिथे जंगल नाही. ऊस आहे, गावं आहेत, माणसांची दाट वस्ती आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की तिथे दर शंभर चौरस किलोमीटरमागे साधारण पाच मोठे बिबटे राहत होते! माणसं दिवसा वावरायची, बिबटे रात्री. कॅमेरा नसता, तर एवढं नेमकं कुणाला कळलं असतं का?

कॅमेरा लावला, पण...

आम्हांला वाटलं, कॅमेरा खांबाला बांधला की काम झालं. छे! आधी आमची पुरती फजिती झाली.

पहिली अडचण रेंजची. आमच्या ओढ्यात मोबाइलला रेंजच नाही. मग सिमकार्डाचा काय उपयोग? शेवटी रोज सकाळी मेमरी कार्ड काढून शाळेतल्या संगणकावर पाहायचं ठरलं. दुसरी अडचण पपईची. पहिल्या दिवशी त्रेचाळीस चित्रणं! आम्ही डोळे विस्फारून पाहायला बसलो. दुपारच्या उन्हात तापलेलं पपईचं एक पान वाऱ्याने हलत होतं. त्रेचाळीस वेळा तेच पान! मुलं हसून हसून लोळली.

मग एकेक गोष्ट शिकत गेलो. तुम्हांला कधी उपयोगी पडेल म्हणून सांगते.

कॅमेऱ्यापुढचं हलणारं पान, फांदी, उंच गवत आधी काढून टाकावं. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे करावं, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट भिंगात शिरत नाही. पाहुणा छोटा असेल, तर कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर लावावा. माणसांची चोरी असेल, तर उंच आणि हाताला न येईल असा. प्राणी कॅमेऱ्याकडे सरळ चालत आला तर पहारेकऱ्याला उशिरा कळतं, आडवा गेला तर लगेच. म्हणून वाटेच्या कडेला, वाट आडवी दिसेल असा कॅमेरा बसवावा. आणि वाट कोणती, हे कोण सांगणार? आपला मातीचा पट्टा!

ही वाट शोधायला आमचा कोपीवरचा मित्र सगळ्यांत पुढे होता, बरं का. तो पुन्हा शाळेत यायला लागला होता. खुळखुळ कुठून येते, ते त्याला नेमकं माहीत होतं. त्याने दाखवलेल्या जागी कॅमेरा बसवला.

दुसऱ्या रात्री एक कुत्रा आणि एक रानमांजर येऊन गेलं. तिसऱ्या रात्री, दोन वाजून दहा मिनिटांनी, करवंदीच्या जाळीतून एक गोल गाठोडं डुलत डुलत बाहेर आलं. पाठीवर लांब, काळे-पांढरे काटे. नाक जमिनीला. आमच्या पट्ट्यावर ऐटीत पावलं उमटवत ते सरळ रताळ्यांच्या वाफ्यात शिरलं.

"सायाळ! बाई, सायाळ हाय ती!" तो मुलगा उभा राहून ओरडला. "अन्‌ शेपटीचे काटे वाजत्यात, तीच खुळखुळ!"

"आमी साळिंदर म्हणतो," आमच्या मुलांपैकी एक म्हणाला. आणि मग जरा वेळाने तोच म्हणाला, "आमचं चुकलं रं." त्याला कुणी सांगितलं नव्हतं, हं!

साळिंदर कंद, मुळं, पडलेली फळं आणि झाडाची सालही खातं. दिवसा बिळात झोपतं, रात्री फिरतं. त्याच्या शेपटीचे काही काटे पोकळ असतात, ते एकमेकांवर आपटले की वाजतात. ते काटे फेकून मारतं, असं पुष्कळजण सांगतात. पण ते खरं नाही. काटे सैल असतात. शत्रूकडे पाठ करून ते मागे धावतं, तेव्हा ते रुततात, इतकंच.

बुजगावणं आणि हुशार जनावर

चोर तर सापडला. आता त्याला अडवायचं कसं? मुलांनी आपापल्या घरच्या युक्त्या सांगितल्या. फळा भरून गेला!

गोफण फिरवायची. पत्र्याचा डबा वाजवायचा. शेताभोवती जुन्या साड्या बांधायच्या, म्हणजे रानडुकराला त्या पलीकडचं दिसत नाही आणि फडफडीने ते बिचकतं. जुन्या कॅसेटची फीत ताणून बांधायची, ती वाऱ्यावर घूंऽऽ करते. चकाकणारी पट्टी लावायची. तासगावकडच्या नातेवाइकांची आठवण काढून एकजण म्हणाला, द्राक्षबागेवर पाखरांसाठी जाळी टाकतात. आणि अर्थातच बुजगावणं! जुना शर्ट, मडक्याचं डोकं आणि खडूचे डोळे.

या सगळ्या युक्त्या खऱ्या आहेत. आणि सगळ्यांची दुखणीही एकच आहेत. जनावर शिकतं! पहिल्या रात्री बिचकतं, दुसऱ्या रात्री थांबून पाहतं, आठवड्याने बुजगावण्याच्या पायाशी बसून जेवतं.

केनिया देशात हीच गोष्ट रिचर्ड तुरेरे नावाच्या एका मुलाला कळली. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला त्याचं घर. तो मासाई कुटुंबातला. गुरांची राखण त्याच्याकडे. रात्री सिंह येऊन गुरं मारायचे. त्याने आधी आग पेटवून पाहिली, उलट सिंहांना गोठ्यातलं स्वच्छ दिसू लागलं! मग बुजगावणं लावलं. पहिल्या दिवशी सिंह परत गेले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी ओळखलं, की हे काही हलत नाही. एके रात्री तो टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फिरत होता आणि त्या रात्री सिंह आलेच नाहीत. त्याच्या लक्षात आलं, सिंह हलत्या उजेडाला भितात. मग या पठ्ठ्याने गाडीची जुनी बॅटरी, मोटारसायकलच्या इंडिकेटरची डबी, मोडक्या टॉर्चचे दिवे आणि एक सौर पॅनेल जोडून एकामागून एक लुकलुकणारे दिवे तयार केले. सिंहांना वाटायचं, माणूस फिरतोय! तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. २०१३ साली त्याने ही गोष्ट जगापुढे भाषण करून सांगितली. त्या दिव्यांनी गुरंही वाचली आणि सिंहही वाचले, कारण चिडलेले लोक मग सिंहांना मारायचे.

यातून काय घ्यायचं? युक्ती बदलती ठेवायची. बुजगावण्याची जागा दर दोन दिवसांनी बदला, शर्ट बदला. दिवा एकाच जागी तेवत ठेवू नका. आवाज रोज एकाच वेळी करू नका. आणि पाहुणा कोण, हे कळल्याशिवाय युक्ती ठरवू नका. साडीचं कुंपण रानडुकरासाठी ठीक आहे. साळिंदर साडीच्या खालून निघून जातं. माकड वरून उडी मारतं. आणि सातारा जिल्ह्यात पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे गवे शेतात उतरतात, ते तर साडीसकट कुंपण घेऊन जातात! गवा दिसला तर त्याला हुसकायला एकट्याने कधी जाऊ नका, मुलांनो. फोटो काढायलाही नाही. मोठ्या माणसांना सांगा.

एक तार मारते, एक तार शिकवते

आता जी गोष्ट सांगते, ती नीट वाचा आणि घरी वाचून दाखवा.

जनावरांच्या त्रासाला कंटाळून काही लोक शेताच्या तारेत थेट घरच्या विजेचा प्रवाह सोडतात. हा गुन्हा आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती तार डुक्कर आणि माणूस असा भेद करत नाही. पहाटे पाणी पाजायला गेलेले शेतकरी, गवत आणायला गेलेल्या बाया, गुरांमागे धावणारी मुलं अशा तारांनी गेली आहेत. कधी ज्याने तार लावली, तोच गेला आहे. घरच्या विजेचा प्रवाह अखंड वाहतो. हात लागला की स्नायू आवळले जातात आणि तार सोडवतच नाही.

मग 'सौर कुंपण' म्हणतात, ते वेगळं कसं? त्यात सूर्याच्या उजेडावर बॅटरी भरते. एक यंत्र त्या विजेचा दाब वाढवून तारेत झटके सोडतं. साधारण सेकंदाला एक, आणि तोही सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता. दाब मोठा असला, तरी झटका इतका क्षणभर असतो, की जनावर "हाय!" म्हणून मागे सरतं. दोन झटक्यांच्या मध्ये सुटायला वेळ मिळतो. जीव जात नाही, आठवण मात्र राहते. जंगलालगतच्या गावांना अशा कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सरकारी मदत मिळू शकते. पण हे यंत्रही कंपनीचं, प्रमाणित हवं आणि जाणकारानेच बसवायला हवं. घरगुती जुळवाजुळव नको म्हणजे नको!

आमची शिवरात्र

आम्ही काय केलं? साळिंदराला चढता येत नाही, उकरता मात्र येतं. म्हणून शाळेच्या छपराचे जुने पत्रे होते, ते पालकांनी बागेभोवती उभे केले आणि वीतभर जमिनीत गाडले. वर गुडघाभर उंची, एवढंच. कॅमेरा अजून परत द्यायचा होता, त्यामुळे पुढचंही पाहायला मिळालं. पहिल्या रात्री साळिंदर आलं, पत्र्याला नाक लावत पूर्ण फेरी मारली आणि परत गेलं. पाच रात्री असंच. सहाव्या रात्री फाटकाजवळची भुसभुशीत माती त्याने शोधून काढली आणि स्वारी आत! सकाळी मुलांनी तिथे मोठे दगड रचले. त्यानंतर मात्र ते आत आलं नाही. राखण म्हणजे एकदा केलं आणि झालं, असं काम नव्हेच. रोज फेरी मारायची आणि रोज बघायचं.

चार वाफे वाचले. महाशिवरात्रीला भलं मोठं पातेलं चुलीवर चढलं. वाडीतल्या प्रत्येक घरी दोन-दोन रताळी गेली. ओढ्यापलीकडच्या कोप्यांवरही गेली, आणि ती द्यायला सगळा वर्ग गेला होता.

मार्चच्या अखेरीला टोळी निघाली. निघताना तो मुलगा निरोप घ्यायला आला. मी त्याला वही-पेन्सिल देऊ केली. ती त्याने घेतली आणि म्हणाला, "बाई, एक रताळं द्या. न उकडलेलं. पाऊस पडला की गावाकडं लावीन."

एक का? आम्ही त्याला पाच दिली.

करून पाहा

१. तुमच्या परसात किंवा शाळेच्या बागेत चाळलेल्या मातीचा हातभर पट्टा करा. संध्याकाळी सपाट करा, सकाळी पाहा. प्रत्येक ठसा पट्टीने मोजा आणि वहीत त्याच मापाने काढा. आठ दिवसांत तुमची 'पाहुण्यांची वही' तयार होईल.

२. टीव्हीचा रिमोट घ्या. बटण दाबून त्याच्या टोकाच्या दिव्याकडे पाहा. काही दिसणार नाही. आता तोच दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. बहुतेक मोबाइलमध्ये जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यातून दिसला नाही, तर पुढच्यातून पाहा. हाच तो अवरक्त प्रकाश!

३. बुजगावणं करा आणि दोन दिवसांनी त्याची जागा बदला. पाखरं किती दिवसांनी निर्धास्त होतात, ते लिहून ठेवा.

पालकांशी दोन शब्द

शेतात कॅमेरा लावाल, तेव्हा त्याचं तोंड आपल्याच जमिनीकडे ठेवा. शेजाऱ्याचं अंगण, पाणवठा किंवा बायका-मुलांची रोजची वाट त्यात येऊ देऊ नका. चोरी माणसांची असेल, तर चित्रण पोलिसांकडे द्या. ते गावभर फिरवून कुणाला चोर ठरवू नका. आमच्या वर्गाला एका खुणेशिवायच एक 'चोर' सापडला होता, हे विसरू नका. गवा, रानडुक्कर, हरीण, माकड यांनी पिकाचं नुकसान केलं, तर वनविभागाकडे लगेच कळवा. पंचनामा होऊन भरपाई मागता येते. मदतीसाठी वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. आणि जनावर दिसलं, तर मुलांना त्याच्या मागे पाठवू नका. बागेतलं रताळं पुन्हा लावता येतं.